डाय-कटिंगच्या पानात पहिला मान छायाचित्राचा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील छंदांच्या पानावर स्क्रॅपबुकविषयी, म्हणजे छायाचित्रे लावून सजवलेल्या आठवणींच्या वहीविषयी, आलेले टिपण मी दोनदा वाचले. कागदातून हवे ते आकार कापून देणारे डाय-कटिंग मशीन घरोघरी आल्यापासून थीमची पाने एकसारखी दिसू लागली आहेत, सहलीचे पान म्हटले की होकायंत्र आणि बॅग, वाढदिवसाचे म्हटले की फुगे, समुद्राचे म्हटले की शिंपले आणि नांगर, आणि त्यामुळे हाताने कात्री चालवणाऱ्याची ओळख पुसली जात आहे, असे त्या टिपणाचे म्हणणे होते. निरीक्षण खरे आहे. त्याचे खापर मशीनवर फोडणे मात्र मला पटले नाही. गेली बारा वर्षे मी या मशीनवर पाने करते आहे आणि पान कशाने बिघडते, कशाने जमते, याचा जो काही अनुभव गाठीशी आहे, तो जरा सविस्तर मांडू इच्छिते.

तयार आकार आणून चिकटवण्याची सवय घरगुती मशीनच्या फार आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछपाईने छापलेली, उठाव दिलेली आणि डायने, म्हणजे आकार कापणाऱ्या धारदार साच्याने, कडा कापलेली फुले, पक्षी, मुलांचे चेहरे यांचे ताव विकत मिळत. हे आकार एकमेकांना कागदाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेले असत; त्या पट्ट्या तोडायच्या आणि चित्रे वहीत लावायची. पाने आधीच डिंक लावून तयार ठेवलेल्या स्क्रॅपबुकचे पेटंट मार्क ट्वेन या अमेरिकी लेखकाने १८७३ मध्ये घेतले, त्यावरून हा छंद तेव्हा किती रुळला होता हे कळते. तेव्हा एकच गुलाब अनेक घरांतील वह्यांत असणे ही दीडशे वर्षांपूर्वीचीच गोष्ट आहे. तो गुलाब त्या पानावर कशासाठी आला, एवढेच विचारायचे असते आणि ते विचारायचे बहुतेक वेळा राहून जाते.

माझ्याच चुकीचे उदाहरण देते. शिवणयंत्रावर बसलेल्या माझ्या आईची तीन छायाचित्रे माझ्याजवळ होती. मशीन नवीन होते, उत्साह होता, आणि ‘शिवणकाम’ ही थीम ठरताच मी तयार आकारांच्या संग्रहात शिरले. रिळे, कात्र्या, बटणे, टाचण्यांची उशी, मोजपट्टी असे एकूण तेवीस आकार मी कापले. कापणी इतकी स्वच्छ झाली होती की एकही आकार बाजूला ठेवण्याचा धीर होईना, म्हणून सगळे लावले. पान पूर्ण करून भिंतीला टेकवले, चार पावले मागे सरले, आणि लक्षात आले की पानावर सगळे शिवणकाम आहे आणि आई कुठेच दिसत नाही. तिचा चेहरा दोन रिळांच्या मध्ये अडकला होता. मला त्या रात्री खरोखर वाईट वाटले.

काही महिन्यांनी मी ते पान उकलले. या वेळी मशीन सुरू करण्याआधी भिंग घेऊन छायाचित्रेच पाहत बसले. एका छायाचित्रात शिवणयंत्राच्या बाजूला फ्रॉकचे कागदी कटिंग पडलेले होते आणि त्यावर तिच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेली मापे होती. ते कटिंग अजून आमच्या कपाटात होते. मी ते स्कॅन केले, त्याची बाह्यरेषा संगणकावर काढली, मूळ मापाच्या एक-तृतीयांश केली आणि पाठ, पुढा व बाही हे तीनच तुकडे फिक्या तपकिरी कार्डस्टॉकमध्ये, म्हणजे जाडसर कागदात, कापले. माझ्या मशीनमध्ये पात्याच्या जागी पेन बसवता येते. त्याने कडेपासून थोडी आत शिलाईची तुटक रेष आखून घेतली. तीनपैकी एकच छायाचित्र ५ बाय ७ इंचांत मोठे करून लावले, उरलेली दोन मागच्या बाजूच्या कागदी खिशात ठेवली, आणि आईची मापे तिच्याच अक्षरांत, तिच्याच वळणाने बाहीच्या तुकड्यावर उतरवली. आता त्या पानावर एकही रीळ नाही, तरी पान उघडल्याबरोबर पाहणारा म्हणतो की या शिवत असत. ही किमया त्याच मशीनने, त्याच पात्याने झाली. फरक एवढाच पडला की पहिल्या वेळी मी आकारांच्या संग्रहापासून सुरुवात केली होती आणि दुसऱ्या वेळी छायाचित्रापासून.

थीम या शब्दाचा अर्थच आपण अरुंद करून ठेवला आहे, असे मला वाटते. ‘पाऊस’ ही थीम घेतली की छत्री, ढग आणि थेंब हे तिघे न बोलावता येतात. माझ्याकडे एक छायाचित्र होते, त्यात लहान मुलगी डबक्यात पाय टाकते आहे. छत्री नाही, ढगही दिसत नाही. पाहण्यासारखे काय होते, तर तिच्या पावलाभोवती उठलेली वलये. म्हणून पानावर मी फक्त वलये घेतली. स्क्रॅपबुकचे पान बहुधा १२ बाय १२ इंचांचे असते. त्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग केले तर रेषा जिथे छेदतात, त्यांपैकी उजवीकडच्या खालच्या बिंदूवर, म्हणजे उजव्या आणि खालच्या कडेपासून प्रत्येकी ४ इंचांवर, मी वलयांचा मध्य धरला. ३, ५, ७, ९ आणि ११ इंच व्यासाची पाच वलये, प्रत्येकाची रुंदी जेमतेम ३ मिलिमीटर, एकाच फिक्या निळ्या तावातून कापली, कारण ती एकमेकांच्या पोटात बसतात. उभे छायाचित्र ४ बाय ६ इंचांचे होते. त्याचा उजवा खालचा कोपरा, जिथे तिचे पाऊल होते, नेमका त्या मध्यावर आणला. मोठी दोन वलये पानाच्या बाहेर जातात, तिथे ती कडेबरोबर छाटली. वरच्या डाव्या मोकळ्या भागात चार ओळी हाताने लिहिल्या. सर्वांत आतले वलय तेवढे पातळ फोम टेपवर उचलून धरले आहे.

तीन मिलिमीटरचे अकरा इंची वलय कात्रीने कापून पाहावे, म्हणजे मशीनचा खरा उपयोग कळतो. हात थकतो, रेष थरथरते आणि कागद मध्येच फाटतो. एकाच आकाराची अचूक पुनरावृत्ती, एकात एक बसणारी मापे, छायाचित्रातून उचललेली रेष हवी तेवढी मोठी किंवा लहान करणे, ही कामे मशीनने करावीत. ढगाचा साधा आकार तर हाताने फाडलेल्या कागदाचा अधिक जिवंत दिसतो. ज्या पानावर मशीनची काटेकोर रेष आणि हाताने फाडलेली कड शेजारी-शेजारी येतात, ती पाने मला स्वतःला सर्वांत आवडतात.

मशीन दोन प्रकारचे असते, आणि आपल्या टिपणात दोन्हींची सरमिसळ झाली होती म्हणून थोडे सांगते. हाताने फिरवायच्या मशीनमध्ये दोन रोलर असतात आणि त्यांच्यामधील फट ठरलेली असते. प्लेट, डाय, कागद आणि पुन्हा प्लेट अशी चळत त्यातून सरकवली की दाबाने डायची धार कागदात उतरते. पातळ पत्र्याच्या डायने एखादाच कागद कापावा. लाकूड-फोममध्ये बसवलेल्या जाड पोलादी पट्टीच्या डायने फेल्ट किंवा कागदाचे अनेक थरही कापता येतात. कापणी अर्धवट राहिली तर चळतीत साधा कागद घालून फट भरून काढायची, आणि नक्षी फार बारीक असेल तर डाय व कागद यांच्यामध्ये मेणकागद ठेवायचा, म्हणजे तुकडा डायमध्ये अडकून बसत नाही. प्लेट एकाच बाजूने वापरत राहिली की वाकते, म्हणून ती आलटून-पालटून उलटी करावी. या मशीनला वीज लागत नाही, संगणक लागत नाही, आणि तोच आकार पन्नास वेळा हवा असेल तर याच्यासारखे दुसरे साधन नाही. मात्र डायचे माप बदलत नाही, त्यामुळे छायाचित्राला डायच्या मापात बसावे लागते.

इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये चिकट मॅटवर लावलेला कागद पुढे-मागे सरकतो, पाते डावी-उजवीकडे जाते, आणि या दोन हालचालींतून संगणकावरची रेष कागदावर उतरते. आईच्या फ्रॉकचे कटिंग किंवा पाण्याची वलये यावरच शक्य झाली. नवीन कागद लावला की आधी कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा त्रिकोण कापून पाहण्याची सवय लावून घ्यावी. कोपरे धारदार सुटले आणि मॅटवर खोल ओरखडा उठला नाही, तर दाब योग्य आहे. जाड कागद एकदम जोर लावून कापण्यापेक्षा कमी दाबाने दोनदा कापलेला बरा. धार बोथट वाटली तर पाते ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात काही वेळा टोचावे, त्याने पात्याला चिकटलेला कागदाचा लगदा निघतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढू नये. मॅट पालथी करून मॅटच वाकवत कागदापासून सोडवावी. माझी पहिली कित्येक नक्षीदार पाने केवळ हे माहीत नसल्याने गुंडाळून वर आली आणि पुन्हा कधी सपाट झाली नाहीत. आणखी एक गोष्ट मापाची: १२ इंची मॅटवर अनेक मशीन प्रत्यक्षात ११.५ इंचांपर्यंतच कापतात, त्यामुळे पूर्ण पानभर चौकट कापण्याचा बेत आधीच त्या हिशेबाने आखावा. माझे सर्वांत मोठे वलय ११ इंचांचे असण्याचे कारण तेच.

आता कागद. हा मुद्दा आपल्या टिपणात अजिबात नव्हता आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे, कारण पान वीस-तीस वर्षांनी कोणी उघडावे अशी इच्छा असेल तर थीम किती सुंदर आहे यापेक्षा कागद कशाचा आहे हे आधी पाहावे लागते. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन काढून टाकलेले नसेल तर उजेड आणि हवा यांनी कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. वर्तमानपत्राचे कात्रण काही महिन्यांत पिवळे दिसू लागते, त्याचे कारण हेच. आम्ल असलेला कागद स्वतः तर खराब होतोच, शेजारच्या छायाचित्रालाही आपला दोष देतो. म्हणून कार्डस्टॉक आम्लरहित आणि लिग्निनरहित आहे असे वेष्टनावर लिहिलेले पाहूनच घ्यावा. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि एखादा कागद किंवा डिंक छायाचित्राला अपाय करतो का, हे तपासण्याची चाचणी आयएसओ १८९१६ मध्ये दिलेली आहे. पाने ठेवण्याचे पारदर्शक कव्हर पीव्हीसीचे नसावे, पॉलीप्रॉपिलीनचे असावे. डायने कापण्यासाठी १७६ ते २१६ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याहून पातळ कागदाची बारीक नक्षी उचलताना फाटते आणि त्याहून जाड कागदाचे कोपरे चुरगळतात. कागद आतपर्यंत एकाच रंगाचा आहे ना, हेही एका कोपऱ्याला फाडून पाहावे. ज्याचा गाभा पांढरा असतो, त्याची कापलेली कड पांढरी दिसते. गडद पानावर ती पांढरी रेष कधी नको असते, तर कधी, विशेषतः हिमाच्या किंवा लाटांच्या आकारात, तीच हवी असते.

जुनी छायाचित्रे, ज्यांची निगेटिव्ह उरलेली नाही, ती कृपा करून कोणी पानावर डिंकाने चिकटवू नयेत आणि कोणत्याही आकारात कापू तर मुळीच नयेत. प्रत काढावी, प्रत कापावी. मूळ छायाचित्र कागदी कोपऱ्यांत अडकवून ठेवावे, म्हणजे कधीही सोडवता येते. हृदयाच्या आकारात कापलेले आजोबांचे एकमेव छायाचित्र मी एका ओळखीच्या घरी पाहिले आहे. कापताना मागचे अंगण गेले, आणि त्या अंगणाचे दुसरे छायाचित्र कोणाकडेच नाही.

पानाच्या शीर्षकाचा प्रश्न मराठी वाचकांसाठी वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कोणी लिहिताना मला दिसत नाही. रोमन अक्षरे सुटी-सुटी कापून शेजारी लावली तरी चालते. देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. कापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाऊस’ असे थेट टाइप केले तर पुष्कळदा प्रत्येक अक्षराची रेष वेगळी धरली जाते आणि जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात, तिथे मशीन आरपार चीर देते. शब्द तुकड्या-तुकड्यांनी हातात येतो. काही सॉफ्टवेअरमध्ये तर ‘पहिला’ मधील वेलांटी ‘ह’ च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या अक्षरांत सुटतात. याला उपाय आहे. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने शब्द लिहावा, त्याचे रेषांत रूपांतर करावे, सर्व रेषा एकत्र जोडाव्यात, म्हणजे आतल्या आडव्या चिरा नाहीशा होतात, आणि मग ती आकृती एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या स्वरूपात आकृती साठवणारी, फाइल म्हणून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी.

अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला टेकलेला नसतो, त्यामुळे तो कापल्यावर हरवतो किंवा वाकडा बसतो. यासाठी शब्दाच्या बाह्यरेषेपासून सुमारे ३ मिलिमीटर बाहेर दुसरी रेष काढून त्या आकाराची सलग पाठ वेगळ्या रंगात कापावी. ठिपका, चंद्रबिंदू सगळे तिच्यावर नेमक्या जागी बसते आणि शीर्षकाला आपोआप किनारही मिळते. फॉन्ट निवडताना शिरोरेषा किमान २ मिलिमीटर जाडीची येईल असा पाहावा. एक टाइप या संस्थेने केलेले बलू आणि मुक्त हे फॉन्ट मोफत उपलब्ध आहेत. बलूची गोलसर जाड अक्षरे पात्याला फार सोयीची पडतात. त्यांचाच मोदक हा फॉन्ट त्याहून जाड आहे, पण त्यातील आतल्या फटी अरुंद असल्याने तो मोठ्या शीर्षकालाच वापरावा. आणि घरात कोणाचे जुने पत्र असेल तर फॉन्टही नको. माझ्या वडिलांच्या पत्रातील ‘चिरंजीव’ हा शब्द मी स्कॅन करून, रेष थोडी जाड करून कापला आहे. ‘र’ ची शेपूट ते जशी खाली ओढत तशीच ती पानावर आहे.

आणखी एक सावधगिरी. इलेक्ट्रॉनिक मशीन कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. अशी मशीन बनवणाऱ्या क्रिकट या कंपनीने मार्च २०२१ मध्ये, मासिक शुल्क न देणाऱ्या ग्राहकांना महिन्याला वीसच आकृत्या चढवता येतील असे जाहीर केले होते आणि ग्राहकांनी तीव्र विरोध केल्यावर तो निर्णय मागे घेतला. त्यामुळे आपण काढलेली प्रत्येक आकृती आपल्या संगणकावर एसव्हीजी स्वरूपात जपून ठेवावी, केवळ कंपनीच्या खात्यात ठेवू नये.

आपल्या पुरवणीकडून माझी अपेक्षा आहे ती अशी. वाचकांनी पाठवलेली पाने आपण छापता, तेव्हा पानासोबत त्यामागचे मूळ छायाचित्र न कापता लहान आकारात छापावे, म्हणजे कोणता आकार कुठून आला हे पाहणाऱ्याला कळेल. कागदाचे वजन, पानाचे माप आणि वापरलेला फॉन्ट दोन ओळींत द्यावा. आणि पानावर हाताने लिहिलेला मजकूर असेल तर तो वाचता येईल एवढा मोठा छापावा. गेल्या अंकातील चारही पानांवर मजकूर होता, पण छपाईत त्याच्या केवळ राखाडी रेघा उरल्या होत्या. फ्रॉकच्या पानाचे छायाचित्र आणि त्या कटिंगची एसव्हीजी आकृती मी आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. ती कोणाला वापरायची असल्यास माझी हरकत नाही; मात्र आधी आपल्या घरातले एखादे कटिंग, एखादी किल्ली, एखादे पत्र शोधून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक